काळी पाच की काळी दोन?

हौशी : मास्तर, आधी माझं ऐकून घ्या, मग रागवा. बँडासाठी ट्युबा घ्यायचाच तर सीचा घेऊ, पेटीच्या भाषेत पांढरी एक. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमधले ट्युबावाले बहुतेक सीवर वाजवतात. त्याची नळी साधारण १६ फुटांची, बी-फ्लॅटची १८. दोन फूट कमी म्हणजे फुंक लवकर बोलते. शिवाय चर्चमध्ये आपल्याला कीबोर्डबरोबर बसावं लागतं. कीबोर्डवाली मुलगी सी म्हणते, आणि आपले कॉर्नेटवाले मनातल्या मनात एक स्वर वर मोजून डी वाजवतात. निदान बेस तरी तिच्या भाषेत बोलणारा असू दे. इतकी वर्षं काळ्या पट्ट्या झाल्या, एक वाद्य खऱ्या पट्टीतलं घेऊ.

मास्तर : पट्टी खरी-खोटी नसते रे. तू दोन गोष्टींची गल्लत करतोयस. नळी कुठल्या पट्टीत कापलेली आहे ही एक गोष्ट, आणि कागदावर स्वर कसा लिहायचा ही दुसरी. ट्युबाचा पार्ट बेस क्लेफमध्ये लिहिला की तो दिसतो तसाच वाजतो, मग हातात सी असो, बी-फ्लॅट असो की एफ. तिच्या कीबोर्डवरचा सी माझ्या बी-फ्लॅट ट्युबावरही सीच असतो, फक्त बोटं वेगळी पडतात. त्यामुळे तुझं ते 'तिच्या भाषेत' मला मान्य नाही.

आता माझी बाजू ऐक. आपल्या बँडात काय काय आहे? कॉर्नेट बी-फ्लॅट, ट्रम्पेट बी-फ्लॅट, क्लॅरिनेट बी-फ्लॅट, टेनर सॅक्सोफोन बी-फ्लॅट, युफोनियम बी-फ्लॅट. एक आल्टो सॅक्सोफोन सोडला तर सगळा संसार काळी पाचचा. युफोनियमची नळी ९ फुटांची, बी-फ्लॅट ट्युबाची बरोबर दुप्पट. म्हणजे युफोनियमवाल्या पोराला ट्युबा दिला तर बोटं तीच, सूर एक सप्तक खाली. आठवडाभर ओठ दुखतील, मग बसेल. आणि आपल्याकडे बेसवाला ऐनवेळी नसतोच. कोणाची नाइट शिफ्ट, कोणाच्या घरीच लग्न. आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्नं नाहीत, म्हणून नाताळनंतर आणि ईस्टरनंतर सगळी एकदम येतात. एका शनिवारी तीन ठिकाणी बोलावणं असतं. अशा वेळी दुसऱ्या माणसाला उचलून बसवता येईल असंच वाद्य हवं. सीवर कोणाला बसवणार? कीबोर्डवालीला?

हौशी : का नाही? पण ते असो. सीचा मुद्दा मी मागे घेतो, कारण तुम्ही दुसऱ्या माणसाचं बोललात ते खरं आहे. मात्र एकाच पट्टीचा आग्रह मला पटत नाही. बासरीवाला मैफलीला एक बासरी घेऊन जातो का? त्याच्या पिशवीत दहा-बारा असतात. गायिका म्हणाली काळी चार, तर तो काळी चारची काढतो. तबलजीही डग्गा एकच ठेवतो, पण तबले दोन-तीन बांधून आणतो. आपल्या कानाला पट्टी बदलणं कधी परकं नव्हतं. मग बँडातच काळी पाचला एवढं चिकटून का बसायचं?

मास्तर : उदाहरण चांगलं दिलंस, पण ते तुझ्यावरच उलटतं. बासरीवाला बासरी बदलतो तेव्हा त्याची बोटं बदलत नाहीत. सा वाजवायची बोटं प्रत्येक बासरीवर तीच, फक्त सा वर-खाली सरकतो. स्केलचेंज पेटीचंही तसंच : हात आहे तिथेच, खालची पट्टी सरकते. ऑर्केस्ट्रातल्या ट्युबावाल्याचं नेमकं उलट आहे. कागदावरचा स्वर जागेवर राहतो आणि वाद्य बदललं की बोटं बदलतात. सीवर जो खालचा सी मोकळा निघतो तो बी-फ्लॅटवर पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह मागेल. जर्मनीतला वादक एफ आणि बी-फ्लॅट अशी दोन वाद्यं ठेवतो, म्हणजे बोटांचे दोन नकाशे डोक्यात ठेवतो. तो पगारी माणूस आहे, दिवसभर तेच करतो. आपला पोरगा सकाळी विरार फास्ट पकडतो आणि रात्री नऊला परततो. त्याला एक नकाशा नीट येऊ दे.

हौशी : मग मी असं म्हणतो : ई-फ्लॅट घेऊ. काळी दोन. हे काही परकं वाद्य नाही. अडॉल्फ साक्सने १८४० च्या दशकात सॅक्सहॉर्नचं घराणं बांधलं ते एकाआड एक पट्टीत : एक काळी दोन, त्याखालचं काळी पाच, त्याखाली पुन्हा काळी दोन, मग काळी पाच. ब्रिटिश ब्रास बँड आजही त्याच शिडीवर उभा आहे. त्यांच्याकडे बेस चार असतात, दोन ई-फ्लॅट आणि दोन बी-फ्लॅट. ब्रिटनच्या ऑर्केस्ट्रांतही ई-फ्लॅट चालतो. व्हॉन विल्यम्सने १९५४ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या फिलिप कॅटलिनेटसाठी ट्युबाचा कॉन्चेर्टो लिहिला, तोही आज बहुतेक वादक एफवर किंवा ई-फ्लॅटवर वाजवतात. त्या अगडबंब बी-फ्लॅटवर सहसा कोणी जात नाही.

कारण साधं आहे. पितळी वाद्यात स्वरांच्या पायऱ्या खाली लांब-लांब असतात आणि वर जाल तशा दाटत जातात. तुमचा वरचा काळी पाच बी-फ्लॅट ट्युबावर आठव्या पायरीवर येतो, माझ्या ई-फ्लॅटवर सहाव्या. आठव्या पायरीचे शेजारी अगदी खेटून उभे असतात. ओठ जरा ढिला पडला की शेजारचा स्वर निघतो आणि अख्ख्या मांडवात ऐकू येतो. सहाव्या पायरीवर थोडी जागा असते. शिवाय नळी १३ फुटांची. वाडीतल्या पायवाटेवरून, केळीची पानं चुकवत, बावखलाच्या पाण्याच्या कडेने मिरवणूक जाते तेव्हा उचलणाऱ्याच्या खांद्याला विचारा. मुंबईतलं लग्न असेल तर लोकलच्या लगेजच्या डब्यात मासळीच्या टोपल्यांमध्ये तुमच्या बी-फ्लॅटचं ते धूड उभं करावं लागतं. वजनाचा आणि आकाराचा मुद्दा तुम्ही हसण्यावारी नेऊ नका.

मास्तर : वजन मी हसण्यावारी नेत नाही, मी स्वतः उचललंय. पण तू वरच्या काळी पाचची एवढी काळजी केलीस, तर खालच्या काळी पाचचं सांग. बँडातला बेस दिवसभर काय वाजवतो? सा आणि प, मध्ये कधी म. कॉन्चेर्टो नव्हे. आणि आपली निम्म्याहून जास्त गाणी काळी पाचमध्येच बसवलेली, कारण कॉर्नेटला तिथे सोपं पडतं. म्हणजे बेसचा सगळ्यात जास्त वाजणारा स्वर खालचा बी-फ्लॅट. माझ्या ट्युबावर तो मोकळा निघतो, एकही व्हॉल्व्ह न दाबता. तुझ्या ई-फ्लॅटवर?

हौशी : पहिला आणि तिसरा.

मास्तर : पहिला आणि तिसरा. आता हिशेब कर. प्रत्येक व्हॉल्व्ह नळीत एक ठरावीक तुकडा जोडतो. पहिला व्हॉल्व्ह एक स्वर उतरवतो, म्हणजे नळीच्या सुमारे १२ टक्के लांबी वाढवतो. तिसरा दीड स्वर, सुमारे १९ टक्के. दोन्ही मिळून ३१. पण अडीच स्वर उतरायचं तर नळी साडेतेहतीस टक्के वाढायला हवी. का? कारण पहिला व्हॉल्व्ह दाबल्यावर नळी आधीच लांब झालेली असते, आणि त्या लांब नळीला तिसऱ्या व्हॉल्व्हचा तुकडा तोकडा पडतो. १३ फुटांच्या नळीत ही तूट साडेतीन इंचांची. कानाला ती अर्ध्या स्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने चढी लागते. म्हणजे आपल्या बँडाचा घरचा सा, ज्याच्यावर सगळे टेकणार, तोच तुझ्या वाद्यावर बेसूर. दुसऱ्या व्हॉल्व्हलाही सोबत घेतलंस तर तूट आणखी वाढते, आणि तीन व्हॉल्व्हच्या ई-फ्लॅटचा तो तळ. त्याच्या खाली पार पेडलपर्यंत, म्हणजे नळीच्या मूळ स्वरापर्यंत, एकही स्वर नाही.

(इथे लेखकाला मध्येच बोलावंसं वाटतं. वसईत बँडाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, हे सगळं पोर्तुगीजांनी आणलं. पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. ट्युबाचं पेटंट बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान मोरित्स यांनी घेतलं ते १२ सप्टेंबर १८३५ ला, म्हणजे चिमाजी आप्पांनी त्यांच्याकडून वसईचा किल्ला घेतल्यावर ९६ वर्षांनी. आणि तो पहिला ट्युबा होता एफचा, पेटीवरची पांढरी चार, पाच व्हॉल्व्हचा. या दोघांच्या भांडणात जी पट्टी अजून कोणी मागितलीच नाही ती मूळची, आणि व्हॉल्व्हची संख्या हा प्रश्न त्या दिवसापासूनचा.)

हौशी : हिशेब मान्य. पण त्यावर उपायही जुनाच आहे. चौथा व्हॉल्व्ह घ्या. तो एकटाच अडीच स्वर उतरवतो आणि त्याचा तुकडा मुळातच त्या मापाचा कापलेला असतो. पहिला-तिसरा लावायची गरज नाही, खालचा काळी पाच चौथ्यावर सुरात येतो. त्याखाली जायचं असेल तर डेव्हिड ब्लेकलीने १८७४ मध्ये बूझी कंपनीसाठी काढलेली भरपाईची रचना आहे. चौथा दाबला की हवा बाकीच्या व्हॉल्व्हांतून दुसऱ्यांदा फिरते आणि जे इंच कमी पडतात ते आपोआप जोडले जातात. ब्रिटिश ई-फ्लॅटला जो मान मिळाला तो या रचनेमुळे. तेव्हा तुमचा आक्षेप काळी दोनवर नाहीच, तीन व्हॉल्व्हवर आहे. तीन व्हॉल्व्हचा बी-फ्लॅट घेतलात तर हीच तूट तुमच्याकडेही येईल, फक्त दुसऱ्या स्वरावर. खालचा एफ पहिल्या-तिसऱ्यावरच ना? काळी पाचचा तोच पंचम. आणि १८ फुटांत ती तूट पाच इंचांची.

मास्तर : (थोडं थांबून) खालचा एफ, हो. वरचा मोकळा निघतो.

हौशी : मग?

मास्तर : मग एवढंच की आपण इतका वेळ चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो, हे अर्धं कबूल. पट्टी आधी ठरवायची की व्हॉल्व्ह आधी, तर व्हॉल्व्ह आधी. पण उरलेलं अर्धं सोडत नाही. चौथा व्हॉल्व्ह आणि भरपाईची रचना म्हणजे जास्त पितळ, जास्त वजन, जास्त पैसे. तुझ्या ई-फ्लॅटचा हलकेपणा तिथेच संपला. आणि पावसाळ्यात चार महिने ते वाद्य पेटीत पडणार. आपल्या दमट हवेत व्हॉल्व्ह अडकतात, कळंक चढतो. साधा तीन व्हॉल्व्हचा बेस असेल तर आपल्यातलाच कोणीतरी उघडून, पुसून, तेल घालून देतो. भरपाईच्या त्या नळ्यांच्या गुंत्याला हात कोण लावणार? तिथे सोल्डर सुटलं तर कोणाकडे न्यायचं? मेरठच्या जली कोठीत पितळी वाद्यं बनतात, दुरुस्तही होतात, पण दोन लग्नांच्या मध्ये मेरठ गाठता येत नाही.

आणि तुझ्या इंचांच्या हिशेबाला रस्त्यावर कितपत अर्थ आहे, हेही बघ. मे महिन्यातल्या दुपारी हवा ३२ अंश. वाद्यं सुरात लावलेली असतात ती २० अंशांच्या आसपासची. १२ अंशांनी आवाजाचा वेग वाढतो आणि सूर अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याने चढतो. म्हणजे तू ज्या तुटीसाठी हजारो रुपये जास्त द्यायला निघालास, तेवढा फरक तर ऊन फुकट करतं.

हौशी : इथे मात्र तुम्ही गल्लत केलीत. उन्हाने चढतात ते सगळेच स्वर, आणि सगळीच वाद्यं. अख्खा बँड एकत्र चढला तर रस्त्यावर कोणाला कळतं? लहान वाद्यं श्वासाने आधीच गरम झालेली असतात, मोठ्यावर बाहेरच्या हवेचा परिणाम जास्त होतो, म्हणून बेसवाल्याने स्लाइड जरा जास्त ओढायची, झालं. व्हॉल्व्हची तूट तशी नाही. ती एकाच स्वराला चढवते आणि शेजारच्याला जागेवर ठेवते. कान तेच पकडतो. आणि चर्चमध्ये गेल्यावर कीबोर्ड तर ४४० वर ठाम बसलेला असतो, त्याला ना ऊन ना पाऊस.

चर्चचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण मला खरी काळजी तिथलीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. आता लोक बँडाकडे नुसतं बघत उभे राहत नाहीत, ते गातात. रस्त्यावर आपली पट्टी आपण ठरवतो, कारण तिथे सोबत गाणारं कोणी नसतं. चर्चमध्ये पट्टी गाणाऱ्यांच्या गळ्याने ठरते, आणि पुढे गिटार असली तर ती डी नाहीतर जी मागते. डी म्हणजे कॉर्नेटवाल्याला चार शार्प. आपली मुलं तिथे अडखळतात आणि मग आपण म्हणतो, बँड बाहेरच बरा.

मास्तर : गिटारला कॅपो लावता येतो, कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतं. ज्यांना सरकणं सोपं आहे त्यांनी सरकावं. आपल्याला ओठांशिवाय काही नाही. पण हा रुसवा कॉर्नेटचा आहे, बेसचा नव्हे. डीमध्ये बेसला लागतात डी आणि ए. बी-फ्लॅट ट्युबावर खालचा डी पहिल्या-दुसऱ्यावर, ए नुसत्या दुसऱ्यावर. काहीच त्रास नाही. तुझ्या ई-फ्लॅटवर डी दुसऱ्यावर, ठीक आहे, पण खालचा ए? तीन असतील तर तिन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे सगळ्यात वाईट जागा. चार असतील तर दुसरा आणि चौथा. पुन्हा तोच चौथा.

आता मनातलं बोलतो. मला ट्युबाबद्दलच शंका आहे, पट्टी राहू दे बाजूला. आपलं गाणं म्हणजे सुरावट. वरातीत कॉर्नेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन सगळे एकच चाल धरतात आणि खाली ढोल बोलतो. लोकांना तेवढंच हवं असतं. कितीतरी बँडांत तो खांद्यावरचा पांढरा सूझाफोन नुसता शोभेला असतो. आणि आता तर पुढे डीजेची गाडी. तिच्या स्पीकरमधून जो बेस येतो तो छातीत ऐकू येतो. त्याच्यापुढे तुझा चार व्हॉल्व्हचा, भरपाईचा, सुरातला ई-फ्लॅट काय करणार?

हौशी : डीजेशी मोठेपणात भांडायचंच नाही. पण 'नुसती सुरावट' हे मला मान्य नाही, आणि तुम्हालाही नसावं. आपण वाजवतो ती निम्मी गाणी हिंदी सिनेमाची आहेत, आणि त्यांच्या वाद्यमेळाचं नोटेशन लिहिणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा हे चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेल्या गोव्याच्या परंपरेतले. त्या गाण्यांत चालीखाली बेस मुद्दाम लिहिलेला आहे. तो काढून टाकला की दुसऱ्या कॉर्नेटचा गंधार लोंबकळतो, कशाच्या वरचा गंधार ते कळत नाही. बेस वाजला की तेच दोन कॉर्नेट चार वाटतात. ढोल ठेका देईल, पण सा देणार नाही. तुमच्या बँडात बेस शोभेचा राहिला, कारण त्याच्यापुढे कागदच कधी ठेवला नाही. त्याने कानाने जे सापडेल ते वाजवलं.

मास्तर : कानाने वाजवणं हा कमीपणा नाही. आपल्या बँडात कागद वाचणारे तिघे, बाकी सगळे कानावर. आणि ते चांगलं वाजवतात.

हौशी : कमीपणा म्हणत नाही. पण पट्टीचा सगळा घोळ तिथेच सुटतो किंवा तिथेच अडतो. ब्रिटिश बँडांनी काय केलं बघा. ई-फ्लॅट असो की बी-फ्लॅट, बेसचा पार्ट ते कॉर्नेटसारखाच ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात. कागदावर सी दिसला की व्हॉल्व्ह मोकळे, वाद्य कुठल्याही पट्टीचं असो. वाद्याची पट्टी लिहिणाऱ्याने सांभाळायची, वाजवणाऱ्याने नाही. कॉर्नेटवरचा पोरगा उद्या ट्युबावर बसला तर त्याची बोटं तीच. तुम्ही बासरीबद्दल जे म्हणालात तेच हे. म्हणजे तुमचा दुसऱ्या माणसाचा मुद्दा ई-फ्लॅटवरही सुटतो. फक्त पार्ट लिहिलेला हवा आणि तो वाचता यायला हवा.

मास्तर : आणि कानावरचा माणूस? त्याच्या डोक्यात कागद नाही, पण सा आहे, आणि तो सा काळी पाचच्या मोकळ्या फुंकेत बसलाय. त्याला तू ई-फ्लॅट दिलास तर मोकळी फुंक मारल्यावर येणार म. रोज ऐकून-ऐकून तो जुळवून घेईल, मान्य. पण तोपर्यंत प्रत्येक गाणं त्याला नव्याने शोधावं लागेल. वाचणाऱ्याला पट्टी बदलणं सोपं, कारण लिहिणाऱ्याने ती बदलून ठेवलेली असते. कानवाल्याला वाद्य बदललं की सगळं घर बदलतं. म्हणून म्हणतो, बी-फ्लॅट घे म्हणणारा मी म्हातारा आणि हटवादी आहे असं समजू नकोस. मी त्या सहा-सात जणांच्या वतीने बोलतोय.

हौशी : आणि मी पुढच्या सहा-सात जणांच्या. कीबोर्डवालीचं तुम्ही मघाशी हसण्यावारी नेलंत. तिला वाचता येतं, बेस क्लेफही येतो, आणि तिने स्वतःहून ट्युबाबद्दल विचारलंय. तिच्या डोक्यात कुठल्याच पितळी वाद्याची बोटं नाहीत. तिला बी-फ्लॅट दिला काय, ई-फ्लॅट दिला काय, सारखंच.

मास्तर : तिला सी दिला तरी सारखंच, नाही का? म्हणजे फिरून तू पहिल्या वाक्यावर आलास.

हौशी : सी दिला तर ती एकटीच वाजवू शकेल. ई-फ्लॅट दिला आणि पार्ट ट्रेबलमध्ये लिहिले तर तिच्यानंतर कोणीही.

मास्तर : पार्ट कोण लिहिणार? आपली शंभर-सव्वाशे गाणी आहेत. त्यातली निम्मी कुठेच लिहिलेली नाहीत.

हौशी : मी लिहीन.

मास्तर : किती दिवसांत? तुझा कॅनडाचा व्हिसा कधीही येईल म्हणतोस. पैसे आत्ता जमलेत, ट्युबा ईस्टरनंतरच्या पहिल्या लग्नाला हवा आहे. तुझ्या वहीत आजपर्यंत किती गाणी उतरलीत, ती आण. त्यांत बेस कुठे कुठे लिहिला आहेस ते बघू, आणि मग चार व्हॉल्व्हचे दोन्ही भाव मागवू.